आबाजींच्या पुड्या

त्या घरात प्रत्येक गोष्ट दोनदा तोलली जायची. एकदा जिथे घेतली तिथे, आणि एकदा घरी आल्यावर ओसरीवर, आबाजींच्या डोळ्यांसमोर. साखर, मीठ, सरकीची ढेप, बियाण्याची पिशवी. पिशवीवर छापलेलं वजन आबाजी मोठ्याने वाचायचे, मग काट्याकडे बघायचे, आणि मग विकणाऱ्याच्या सगळ्या घराण्याचा विचार करत असल्यासारखे गप्प बसायचे. दिवसच तसे होते. कपाशीवर औषध मारलं तरी अळी मरत नव्हती, दुसऱ्या दिवशी जास्तच टवटवीत दिसायची. मग औषध खोटं की फवारणारा खोटा यावर भांडणं. बियाणं उगवलं तर बोंड धरत नव्हतं. कापूस बाजारात नेला तर घेणारा म्हणायचा याच्यावर पाणी मारलंय, आणि नेणारा म्हणायचा तुमच्या काट्याखाली कोणाचा तरी अंगठा आहे. गावात कोणी कोणाला नुसतं 'काय चाललंय' विचारलं तरी समोरचा आधी विचारणाऱ्याच्या हाताकडे बघायचा.

मी पोचले तेव्हा मलाही तोललं गेलं. मिरजेहून आगगाडी, पुढे तीन एसट्या, आणि घाटंजीच्या पुढे कुठल्याशा फाट्यावर उतरून पायी. नववीत माझी शाळा सुटली होती. सुटली म्हणजे हायस्कूल दुसऱ्या गावाला, वाट ओढ्यातून, आणि माझ्या पाठीवर तीन भावंडं. सुमन मावशीचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं, तिला वाकता येत नव्हतं, घरात बाईमाणूस दुसरं नव्हतं. काका तालुक्याला कचेरीत कारकून, शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. एका माणसाचं जेवण गडहिंग्लजच्या घरातून कमी झालं आणि इथे दोन हात वाढले, इतका साधा तो व्यवहार होता. ओसरीवर आबाजी बसले होते, मावशीचे सासरे. त्यांनी मला पायांपासून वर पाहिलं आणि मावशीला म्हणाले, "हाडंच हायेत निस्ते. पन हाडं कामाचे दिसतात." मला ते बोलणं अर्धंच कळलं, तरी मी वाकून नमस्कार केला. ठेवून घेतील ना, एवढंच डोक्यात होतं. पुढे कितीतरी महिने तेवढंच होतं. भाकरी जळाली, वरणात मीठ जास्त झालं, हातातून पेला पडला, की मला लगेच फाटा दिसायचा आणि मी बोचकं घेऊन तिथे उभी दिसायचे. आता या मुलखात माझं आयुष्य गेलं, माहेरी गेले तर माझं बोलणं ऐकून भाचरं हसतात, तरी अजून हातातून भांडं निसटलं की छातीत तसंच होतं.

जेवण मात्र त्या घरात पोटभर होतं, हे लिहायलाच हवं. ज्वारीची भाकर, घट्ट तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, कधी पातोडीचा रस्सा, की डोळ्यांतून पाणी. भात सणापुरता. पहिले काही दिवस मी भाताची वाट बघायचे, नंतर सोडून दिलं. 'व्हय' म्हटलं की मावशीच्या शेजारणी तोंडाला पदर लावायच्या, म्हणून मी 'हो'सुद्धा मान हलवून म्हणायला लागले. त्यामुळे पोरगी मुकी आहे की आतल्या गाठीची, असा एक संशय गल्लीत बरेच दिवस होता.

आबाजींनी उमेदीची वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली होती. मग बापाची जमीन सांभाळायला गावी आले. पण हात कंपाउंडरचेच राहिले. हळद असो, तंबाखू असो, सुटी नाणी असोत, ते सगळं कागदाच्या चौकोनात घालून चार घड्यांची पुडी करायचे. आता ते हात थरथरत. चहाची बशी ओठाला लागेपर्यंत अर्धी धोतरावर. गंमत अशी, की बंदूक खांद्याला लागली की तो हात थांबायचा. कुठून बळ यायचं कोण जाणे. पण चिमटीत काही तोलायचं म्हटलं की पुन्हा थरथर.

बंदूक त्यांच्या बापाच्या वेळची, बारीक नळीची, ठासणीची. शेतराखणीचा परवाना होता, दर वर्षी ठाण्यात दाखवून आणायचा. डुकरांसाठी वनखात्याचा वेगळा कागद. रानडुकरांनी त्या सालात नुसता उच्छाद मांडला होता. आधीच कपाशीत काही राहत नव्हतं, जे काही आशेचं होतं ते भुईमुगात आणि सोयाबीनमध्ये, आणि तेच डुकरं नाकाने उकरून एका रात्रीत सपाट करायची. त्यापूर्वीच्या हिवाळ्यात आबाजींनी एका डुकरावर गोळी झाडली ती नेम सोडून खाली गेली, मागच्या पायाला लागली, आणि ते जखमी जनावर सरळ माणकूच्या अंगावर गेलं. माणकू टेकाम आमचा राखणदार, डोंगराखालच्या पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा माणूस. त्याची मांडी गुडघ्यापासून वर वीतभर फाटली. दवाखान्यात नेईपर्यंत आबाजींनी आपल्याच धोतराने बांधून धरली होती. तेव्हापासून माणकू लंगडायचा, आणि तेव्हापासून आबाजींनी मनाशी घेतलं होतं की पुन्हा बंदूक उचलायची तर गोळी बघितलेल्या जागी गेली पाहिजे, नाहीतर उचलायचीच नाही.

तर हे काम म्हणजे असं. नळीत आधी बंदुकीची दारू, मग कापसाचं बूच, मग शिशाची गोळी, आणि प्रत्येक वेळी गजाने सारख्या जोराने ठासणं. दारू एक चिमूट इकडेतिकडे झाली, बूच सैल बसलं, गोळीत हवेचा फुगा राहिला, की नेम गेला. आबाजींचं म्हणणं, नेम डोळ्यात नसतो, पुडीत असतो. त्यांनी पहिल्या आठवड्यात मला भाजी निवडताना पाहिलं असावं. एकदा दुपारी हाक मारली, दवाखान्यातून आणलेला पितळी तराजू पुढे ठेवला, बारीक वजनं हरवली होती म्हणून एका डबीत लाल गुंजा, आणि म्हणाले ही दारू तोल. मी तोललं. त्यांनी पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलायला लावलं. मग मोडून, वाटीत ओतून, पुन्हा. दहा वेळा. काटा हलला नाही तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. "शालन, तुह्या हातात पारा नाही, बरं हाय."

मग तो आमचा रोजचा दुपारचा कार्यक्रमच झाला. चूल दूर, खिडकी उघडी, मी आणि आबाजी. गोळ्या तोलून तीन ढीग: सारख्या, हलक्या, फेकायच्या. दारू किती गुंजा ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, मग मी कशाला सांगू. एका दिवशी दोन गुंजा कमी, दुसऱ्या दिवशी एक जास्त, असं करत करत ते पुढे सरकत. माझ्या हातून दहा पुड्या व्हायच्या, प्रत्येकीत तळाशी दारू, तिच्यावर बूच, वर गोळी, चार घड्या. पुड्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. डबा संध्याकाळी माणकू शेतातल्या राखणीच्या खोपडीवर घेऊन जायचा, कारण आबाजींना सकाळी ऊन चढायच्या आत, वारा पडलेला असताना गोळ्या झाडायच्या असत आणि एवढ्या वाटेने ओझं त्यांच्याच्याने होत नसे. मी न्याहारी घेऊन मागून जायचे. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मातीला टेकवून तेलाच्या पिंपाचं झाकण उभं करायचं, त्यावर कोळशाने रुपयाएवढा गोल, चाळीस पावलांवर सरकीच्या पोत्यावर बंदूक. माणकू पाण्याची बालटी घेऊन बाजूला, जळतं बूच कपाशीच्या पऱ्हाटीत पडून पेट घेऊ नये म्हणून. प्रत्येक गोळीनंतर आबाजी वहीत तसाच गोल काढून टिंब द्यायचे. कानात दडे बसायचे, धूर रेंगाळायचा, आणि दूर कुठेतरी एखादी बाई कापूस वेचता वेचता आबाजींना ऐकू जाईल अशी म्हणायची की म्हाताऱ्यानं पुन्हा झाकणाचा मुर्दा पाडला.

बुचाची गोष्ट आता सांगते. बूच घरच्या, सरकी काढलेल्या कापसाचं, बोटांनी वळून गोल केलेलं. मावशीने ऑपरेशनमधून वाचले तर लक्षवात करीन असा नवस बोलला होता, म्हणून दुपारी आम्ही दोघी वाती वळत बसायचो, आणि आबाजींची बुचंही त्याच परातीतल्या कापसाची. मावशी बोटांना राख लावायची. बुचांना राख लावायची नाही हे आबाजींनी आधीच बजावलं होतं, राखेने नळी खरडते. कोरड्या हातांनी वळलेली माझी बुचं केसाळ व्हायची, म्हातारीच्या अंबाड्यासारखी. एकदा आबाजी ती चिमटीत धरून म्हणाले, हे काय उंदराचे पिल्लं हायेत का. मला फाटा दिसला. आमच्या घरी आजी वाती वळताना दुधाचं बोट घ्यायची. दुधाने कापूस गप्प बसतो, वात काचेसारखी गुळगुळीत होते. राखेची मनाई होती, दुधाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुधातलं वाटीच्या तळाशी राहिलं होतं त्यात मी बोट बुडवलं. बुचं अशी झाली की आबाजींनी ती ओंजळीत घेऊन मावशीला दाखवली. "पाह्य सून, हे नग पाह्य." त्या दिवशी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा पडला. रोज दूध उरायचं नाही. उरेल तेवढ्यात पाच-सहा बुचं दुधाची, बाकीची कोरडी. मला वाटलं, जमतील तेवढी तरी चांगली द्यावीत.

आणि गोळ्या बिथरल्या. महिनाभर आबाजींच्या वहीतली टिंबं जवळ जवळ येत चालली होती, तळहाताखाली झाकावीत इतकी. आता एक गोळी गोलात, दुसरी हातभर खाली, तिसरी पुन्हा गोलात. एखादी तर नुसतीच फुसकन. आबाजींनी आधी स्वतःवर संशय घेतला, चष्मा बदलून पाहिला. मग बंदुकीवर, नळी धुऊन काढली. मग दुकानदारावर, त्याने दारूत कोळशाची पूड मिसळली असणार. पण मोठ्या डब्यातली दारू त्यांनी कागदावर जाळून पाहिली तर ती भुर्रकन गेली, मागे काही राहिलं नाही. म्हणजे मूळ माल चोख. म्हणजे पुड्या झाल्यावर काहीतरी होतंय.

त्यानंतर ते घर मला आठवतं ते श्वास धरून बसलेलं. आबाजी संध्याकाळी डबा माणकूच्या हाती देण्याआधी त्याला दोरा बांधून गाठीवर लाख लावू लागले. सकाळी गाठ डोळ्याजवळ नेऊन पाहायचे. गाठ तशीच असायची, त्याने त्यांचं समाधान व्हायच्या ऐवजी संशय वाढायचा, की हा गाठ सोडून, दारू काढून, पुन्हा तशीच बांधतो इतका हुशार आहे. पुड्यांच्या घड्या मोजायचे. माणकू जवळून गेला की नाक वर करून वास घ्यायचे. जेवताना ते मावशीला म्हणाले की जंगलातले लोक चोख दारूला सोन्यासारखं जपतात, आणि मांडी फाटलेला माणूस कधी विसरत नाही. तोंडाने कितीही आबाजी आबाजी म्हणो. मावशी म्हणाली, माणकूभाऊ तसा नाही. आबाजी म्हणाले, तसा कोणीच नसतो. मला तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं होतं. संशय माझ्या दारावरून पुढे गेला याचं. हे लिहायला मला पस्तिशी-चाळिशीत जमलं नसतं, आता जमतंय.

माणकूच्या लक्षात आल्याशिवाय कसं राहील. तो पूर्वी मला येताना एखादं सीताफळ, कधी टेंभरं आणून द्यायचा, कोल्हापूरच्या पोरीला रानमेवा माहीत नाही म्हणून चिडवायचा. ते बंद झालं. डबा तो हाताच्या अंतरावर धरून न्यायचा, जणू आत साप आहे.

मग ती मुंग्यांची सकाळ. मी न्याहारी घेऊन पोचले तेव्हा डबा खोपडीच्या आढ्याला टांगलेला होता आणि दोरीवरून लाल मुंग्यांची रांग डब्याच्या झाकणापर्यंत. आबाजींनी लाख तपासली, डबा उघडला, पुड्या पोत्यावर ओतल्या. काही पुड्यांवर मुंग्या, काहींवर एकही नाही. आबाजींनी लगेच माणकूला विचारलं, डब्यात गूळ ठेवला होता का. माणकू म्हणाला, डबा तुमच्या लाखेत बंद, त्यात गूळ काय मंत्राने घालू. आबाजी म्हणाले, तेच तर मी विचारून राह्यलो. मी मात्र पुड्यांकडे बघत होते. मुंग्या लागलेल्या पुड्या कुठल्या ते मला घड्यांवरून कळत होतं. दुधाच्या बुचांच्या पुड्यांना मी जास्त निगुतीने घड्या घातल्या होत्या. त्यांतली एक मी दुपट्ट्याखाली घेतली आणि धुऱ्यामागे जाऊन उघडली. बूच बाहेरून गुळगुळीत, आतून दमट, आणि दारू त्याच्या बुडाला लाडवाला तीळ चिकटावे तशी चिकटलेली.

बोलायची वेळ तीच होती. मी पुडी मातीत पुरली आणि परत येऊन न्याहारीचं फडकं सोडलं.

त्या दुपारी मी सगळी बुचं कोरडी वळली. केसाळ झाली तर झाली, आबाजी ओरडले तर ओरडले, गोळ्या सरळ जातील आणि हे सगळं आपोआप मिटेल, असा माझा हिशेब. पण आबाजींनी नेमकं त्याच संध्याकाळी माणकूला सांगितलं की आज डबा घरीच राहू दे, तू सकाळी हात हलवत ये. डबा त्यांनी उशाशी ठेवला. सकाळी दहा गोळ्या झाडल्या. दहाच्या दहा गोलात, दोन तर एकाच भोकातून. आबाजींनी वही मिटली आणि माणकूकडे पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ माणसं रागावलेली पाहिली, पण एखाद्याचा संशय खरा ठरल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते त्या दिवशी पाहिलं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

"नऊ दिस डब्बा तुह्याजवळ होता, नऊ दिस गोळ्या वाकड्या. एक दिस माह्याजवळ राह्यला, पाह्य."

माणकूने झाकण पाहिलं. मग म्हणाला, "मले काही समजून नाही राह्यलं, आबाजी. पन मी डब्बा उघडला नाही."

आबाजी म्हणाले की परवान्यावरची दारू कुठे जाते याचा जबाब उद्या त्यांना द्यावा लागेल, तो माणकूने आज द्यावा, ठाण्यात. अकराच्या गाडीने ते स्वतः जाऊन सांगणार. माणकूने बालटीतलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं, बालटी उलटी करून ठेवली आणि लंगडत पोडाच्या वाटेला लागला. त्याच्यासारख्या माणसाला ठाण्यात काही विचारत नसतात, बसवून ठेवतात, हे मला मावशीनं घरी आल्यावर सांगितलं. ती रडत होती. पीठ मळता मळता मी विचारलं, ठाण्यात नावं घेतल्यावर मागे घेता येतात का. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर पडले.

फाट्यावर आबाजी एकटेच बाभळीखाली उभे होते, डोक्याला धुतलेली टोपी, काखेत पिशवी, पिशवीत वही. मला बघून त्यांना वाटलं घरी काही झालं. मी म्हटलं, "आबाजी, बुचं मी दुधानं वळली." दोनदा म्हणावं लागलं. मग मी सगळं सांगितलं, दुधाची वाटी, मुंग्या, धुऱ्यामागे पुरलेली पुडी, आजची कोरडी बुचं. गाडी येताना दिसायला लागली होती. मला वाटलं ते एक मारतील. ते बारीक डोळे करून मला तोलत होते.

"माणकूनं शिकोलं का तुले हे बोलाले?"

"नाही."

"सुमननं?"

"कुणी नाही. आमच्याकडं वाती अशाच वळत्यात."

त्यांनी माझा हात धरून बोटांचा वास घेतला. पिठाचाच आला असणार. गाडी थांबली, कंडक्टर दारातून म्हणाला, "चला आबाजी, का बंदूक घरी इसरले?" आबाजींनी एक पाय पायरीवर ठेवला, थांबले, काढून घेतला. "तू जाय गा," म्हणाले. "माहं तोलाचं राह्यलं."

विश्वास बसला म्हणून ते उतरले नव्हते. घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं, वाटीत दूध स्वतः ओतलं आणि पाच बुचं दुधाची, पाच कोरडी वळायला लावली. नजर क्षणभर हटवली नाही. पुड्यांवर स्वतःच्या कापऱ्या हाताने खुणा केल्या, डबा ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली करदोट्याला. पोडावर निरोप धाडला. सकाळी माणकू आला, काठी घेऊन, बालटी भरली आणि आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. कोरडी पाच गोलात. दुधाची एक हातभर खाली, एक झाकणाच्या अलीकडे मातीत, एकीला घोड्याखालची ठिणगीची टोपी नुसती फुटली आणि नळीतली दारू पेटलीच नाही. उरलेल्या दोन आबाजींनी झाडल्या नाहीत. त्यांनी त्या उघडल्या, बूच उलटं करून चिकटलेली दारू नखाने खरडली आणि माणकूच्या पुढे धरली. ते त्यांचं माफी मागणं होतं. त्याहून जास्त मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही.

मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले की दुधाचा गुन्हा नाही, पोर आहे, चांगलं करायला गेली. पण मुंग्या पाहिल्या तेव्हा हिने तोंड उघडलं नाही. एक आख्खा दिवस एका माणसाला चोर होऊ दिलं. असा हात कितीही स्थिर असला तरी बंदुकीच्या दारूजवळ नको. शनिवारी काका येतील, सोमवारी ते पोरीला मिरजेच्या गाडीत बसवून देतील. हे ते शांतपणे, पुडी बांधल्यासारखं बोलले, आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून मला रडताही आलं नाही.

माणकू म्हणाला, "मंग राखणीले दुसरा पाहा."

आबाजींना कळेना. "काहून? तुह्यावरचा डाग त गेला ना."

"गेला. पन कसा गेला? हे पोट्टी बोलली म्हनून गेला. बोलनाऱ्याले तुमी गाडीत बसोता. उद्या पुन्हा असं काही झालं त माह्यासाठी बोलन कोन?"

"पन तूच त…" असं म्हणून आबाजी थांबले. माझ्याकडे पाहिलं, माणकूकडे पाहिलं. माणकू बालटीतल्या पाण्यात बघत होता. मग आबाजी बंदूक पुसता पुसता मला म्हणाले, "घरी जाय. सुनीले सांगजो, दुपारी बुचाचा कापूस येगळा काढून ठेव. परातीतला नोको." मी धावले नाही. चालत गेले. मावशीला निरोप सांगितला तेव्हा ती चुलीपुढे बसूनच हसली आणि टाके दुखले म्हणून तिने पोट धरलं.

त्या हिवाळ्यात आबाजींनी डुकरावर फक्त दोनदा गोळी झाडली. दोन्ही वेळा जनावर उभ्या जागी पडलं, वनखात्याचे लोक येऊन पंचनामा करून गेले. भुईमूग निम्मा तरी घरात आला. मी त्या घरात राहिले, पुढे त्याच गावात माझं लग्न झालं, आणि आबाजी गेले तेव्हा तोंडात पाणी घालणाऱ्यांत मीही होते. पण सांगायचं आहे ते तूर सोंगतानाचं. धुऱ्यावर भाकरी खायला बसलो असताना मी माणकूभाऊला विचारलं, की आबाजी त्या दिवशी 'पन तूच त' म्हणाले आणि थांबले, ते काय होतं.

तो आधी टाळत होता. मग कांदा फोडता फोडता म्हणाला, "मीच तुहं नाव घेतलतं त्यायच्याजवळ. मुंग्याच्या आदल्या दिशी. म्हनलं, पुड्या ते दूरची पोट्टी करते, तिले कोन वयखते? मले तुह्यावर पयल्यापासून शक होता. बोलत नाही, खाली पाह्यते. असा मानूस चांगला नसते."

मी म्हटलं, मग मला ठेवा म्हणून का अडून बसलात.

"मी त्या दिशी फाट्यावरच होतो. बाभळीच्या मांगं झुडपात, गठुडं घेऊन. ठाण्याच्या भेवानं बहिनीच्या गावी पयून चाल्लो होतो, आदिलाबादकडं. गाडी दुसऱ्या बाजूची पाह्यजे होती म्हनून बसलो होतो लपून. तं तू आली, पीठ लागलेल्या हातानं, पयत. मी पयत होतो दूर, आन तू तिकडंच पयत येऊन राह्यली होती. मंग शक कोनावर धरू, सांग."

त्याने अर्धा कांदा मला दिला आणि भाकरीवर तिखट टाकलं. तो जे समजला होता ते मी तसंच राहू दिलं, तो जिवंत असेपर्यंत. खरं असं आहे, की घरापासून फाट्यापर्यंत मी पळत गेलेच नव्हते. अर्ध्या वाटेवर पळसाखाली मी थांबले होते, हातांवरचं पीठ सुकून तडकेपर्यंत थांबले होते, आणि दोनदा घराकडे वळले होते. पळाले ते शेवटचं, गाडीचा आवाज आल्यावर.